जुन्या रूपाचं साधं लाकडी फडताळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान एकाच प्रकारच्या फडताळाबद्दल आहे: उभ्या फळ्यांची दोन दारं, आत तीन कप्पे, आणि वर्षानुवर्षं वापरल्यासारखं रूप. ते नागपुरात, घरच्या गच्चीवर किंवा पोर्चमध्ये बनवायचं आहे असं धरून उत्तरं दिली आहेत. जुनेपणा लाकडाच्या पृष्ठभागावर आणायचा असतो. सांधे नवेच हवेत, पक्के हवेत आणि मे ते ऑगस्ट लाकडाला हलायला जागा देणारे हवेत. बहुतेक तक्रारी रंगाच्या नसतात, या हलण्याच्या असतात, म्हणून प्रश्न ९ कोणीही वगळू नये.

१. मी कधी सुतारकाम केलेलं नाही. हे मला जमेल का?

जमेल. या फडताळात चूल-साल (एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवायचा सांधा) नाही, कोरीवकाम नाही, वाकवलेली एकही पट्टी नाही. सरळ कापणं, काटकोन तपासणं आणि स्क्रूसाठी आधी छिद्र पाडणं एवढं आलं तर पुरे. लांब फळ्या आरामशीनवरच हव्या त्या रुंदीच्या चिरून आणि मशीनचा रंधा मारून घ्या, निम्मं कष्टाचं काम तिथेच संपतं. फळीवर रंध्याची किंवा करवतीची थोडी खूण राहिली तरी या रूपाला ती शोभते.

२. माप काय ठेवू, आणि लाकूड किती लागेल?

उंची ५ फूट, रुंदी ३ फूट, खोली १४ इंच. एवढं माप बहुतेक स्वयंपाकघरात आणि पॅसेजमध्ये मावतं. फळीची जाडी रंधा मारल्यावर पाऊण इंच राहावी, म्हणजे चिरताना एक इंच धरावी लागते.

दोन बाजू, वर-खाली, तीन कप्पे, पाठ आणि दारं मिळून साधारण ५८ चौरस फूट फळी होते. एक इंच जाडीने ती पावणेपाच ते पाच घनफूट भरते. पट्ट्यांसाठी अर्धा घनफूट आणि वाया जाणारं १५ टक्के मिळवा. सहा घनफूट लाकूड घ्यावं. पाठीला ६ मिमी प्लाय लावला तर पावणेपाच घनफुटांत भागतं, आणि भिंतीकडची बाजू कोणाला दिसतही नाही.

रुंदी ३ फुटांपेक्षा वाढवू नका. पाऊण इंची कप्पा त्याहून लांब झाला की लोणच्याच्या बरण्यांखाली किंवा पुस्तकांखाली मध्यभागी वाकतो. ३ फुटांतही कप्प्याच्या पुढच्या कडेखाली दोन इंची उभी पट्टी लावावीच.

३. लाकूड कोणतं घेऊ? नागपुरात कुठे बघू?

बजेट असेल तर सागवान. आपण नशीबवान आहोत: चंद्रपूर-गडचिरोलीचा, विशेषतः आलापल्ली आणि बल्लारपूर भागातला साग देशभर नावाजलेला आहे, आणि व्यापारात त्याला जुन्या मध्य प्रांताच्या नावाने ‘सीपी टीक’ म्हणतात. अयोध्येच्या राम मंदिरासाठी २०२३ मध्ये जे सागवान गेलं, ते याच भागातून. पण फडताळासाठी पहिल्या प्रतीचा, बिनगाठीचा माल घेऊ नका. गाठी असलेला, आखूड लांबीचा माल मागा. दर कमी पडतो आणि गाठी या रूपाला हव्याच असतात. फक्त एवढं पाहा की गाठ घट्ट बसलेली आहे, अंगठ्याने दाबून हलत नाही.

सागात गाभ्याचा भाग तपकिरी असतो आणि कडेचा पांढुरका. उदईला, म्हणजे वाळवीला, दाद न देणारा भाग गाभ्याचा आहे, पांढऱ्याला ती संरक्षणाची ताकद नसते. पायांना आणि तळाच्या फळीला पांढरा भाग येऊ देऊ नका.

बाभूळ जड आणि कणखर असते आणि काळसर रूप तिच्यावर सगळ्यात सुंदर येतं (प्रश्न १२ पाहा), पण हाताच्या हत्यारांनी काम करणाऱ्याला ती थकवते. आंबा स्वस्त असतो, सहज कापला जातो, पण त्याला घुण लवकर लागतो. तो घेतला तर प्रश्न १७ मधला उपाय आधी करा. चीड, म्हणजे पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड, नवशिक्यासाठी उत्तम.

नव्या लाकडासाठी लकडगंज. नावाप्रमाणे हा शहराचा जुना लाकूडबाजार आहे आणि वखारी-आरामशिनी जवळजवळ असल्याने चार ठिकाणी फिरून दर विचारता येतात. पॅकिंगच्या लाकडासाठी हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीच्या आसपास भंगार घेणाऱ्यांकडे चौकशी करावी.

लाकूड वाळलेलं आहे हे विकणारा सांगतो, पण खात्री घरी करता येते. एक छोटा तुकडा कापून स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा, वजन त्याच तुकड्यावर पेन्सिलने लिहा आणि दर आठवड्याला पुन्हा तोला. दोन आठवडे वजन तेच राहिलं की बाकीच्या फळ्याही कामाला घ्या. तोवर फळ्या सावलीत, मध्ये रिपा टाकून, एकावर एक रचून ठेवा. उन्हात वाळवू नका, टोकांना चिरा पडतात.

४. पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड घरात, तेही धान्याजवळ, वापरणं सुरक्षित आहे का?

शिक्का बघून ठरवा. परदेशी मालासोबत येणाऱ्या पेट्यांवर आणि पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चित्र असलेला शिक्का असतो. त्यात ‘एचटी’ ही इंग्रजी अक्षरं असतील तर ते लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेलं आहे, म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान किमान ३० मिनिटं. हे घ्यायला हरकत नाही. ‘एमबी’ असेल तर मिथिल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली आहे. ते घरात आणू नका. शिक्काच नसेल आणि लाकडावर तेलाचे किंवा रसायनाचे डाग असतील, उग्र वास येत असेल, तर ते कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

चिरण्याआधी प्रत्येक फळीवरून चुंबक फिरवा. तुटलेला एक खिळा आरामशीनचं पातं खराब करतो, आणि चालवणाऱ्याच्या अंगावरही उडू शकतो.

५. आमचं नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर पाडलं. दारं-खिडक्या सागाच्या आहेत. त्यातून फडताळ होईल का?

याहून चांगलं लाकूड विकत मिळणार नाही. कित्येक उन्हाळे-पावसाळे पाहिलेला साग आता फार हलत नाही, आणि बिजागरीच्या खाचा, कडीची झीज हे सगळं आयतं मिळतं. तसं लाकूड खरवडून नव्यासारखं करू नका, जितकं राखता येईल तितकं राखा.

धोका जुन्या तेलरंगाचा आहे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं असंच धरून चाला. असा रंग कोरडा घासू नका, मशीनने तर अजिबात नाही, आणि जाळून काढू नका. पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरने, मास्क लावून, घराबाहेर घासा. निघालेला गाळ प्लास्टिकवर गोळा करा, अंगणाच्या मातीत जाऊ देऊ नका. घरात लहान मूल किंवा गर्भवती असेल तर हे काम त्या घरात करायचंच नाही. रंग ठेवायचा असेल तर सैल पोपडे ओले करून काढा आणि उरलेल्यावर पारदर्शक थराचे दोन हात देऊन तो बंद करा. अशा लाकडाचे कप्पे धान्यासाठी वापरू नका.

६. शेतातल्या बांधावर सागाची झाडं आहेत. तोडून वापरू का?

आधी परवानगी. साग हे महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीतलं झाड आहे. स्वतःच्या शेतातलं असलं तरी तोडण्यापूर्वी वन विभागाची परवानगी आणि माल शहरात आणताना वाहतूक परवाना लागतो. तलाठ्याकडून सातबारा घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा. वखारीतून लाकूड घेतलं तरी पक्कं बिल घ्याच. शिवाय ताजं तोडलेलं लाकूड लगेच कामाला येत नाही: इंचभर जाडीची फळी सावलीत वाळायला बरेच महिने जातात.

७. हत्यारं कोणती लागतील?

हातकरवत, गुण्या (काटकोन तपासायला), मेजरटेप, पटाशी (लाकूड तासायची छिन्नी), हातोडी, छोटा रंधा, ड्रिल मशीन आणि दोन-चार क्लॅम्प. पॉलिश पेपर ८०, १२० आणि १८० नंबरचा. जुनेपणासाठी तारेचा ब्रश. बाकी काही नको.

८. सांगाडा कसा जोडायचा?

प्रत्येक बाजू सात-सात इंचांच्या दोन उभ्या फळ्यांची. त्यांना आतून आडव्या पट्ट्या मारा. या पट्ट्या दोन फळ्यांना धरूनही ठेवतात आणि त्यांच्यावरच कप्पे टेकतात, त्यामुळे खाचा पाडायची गरज उरत नाही. पाऊण इंच फळी आणि पाऊण इंच पट्टी यांना सव्वा इंची स्क्रू पुरतो. आधी बारीक छिद्र पाडा, नाहीतर साग टोकाशी हमखास फाटतो.

पट्टीचा एक स्क्रू घट्ट बसवा आणि बाकीच्यांची पट्टीतली छिद्रं थोडी लांबट करा, म्हणजे फळी फुगली-आकसली तरी चिरणार नाही. पट्टीखाली फेव्हिकॉल लावू नका. फेव्हिकॉल फक्त जिथे दोन्ही लाकडांचे धागे एका दिशेने जातात तिथे, उदाहरणार्थ कप्प्याची पुढची पट्टी. सागाला स्वतःचं तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याच्या अगदी आधी ती जागा थिनरच्या फडक्याने पुसा.

सांगाडा उभा झाला की दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही मापं सारखी आली तर चौकट काटकोनात आहे. पाठ ठोकण्याआधी हे मोजा, नंतर दुरुस्ती होत नाही.

९. दाराच्या फळ्यांमध्ये फट किती ठेवू?

हे तुम्ही कोणत्या महिन्यात बनवत आहात त्यावर ठरतं.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी होते की लाकूड आपलं पाणी सोडून आकसतं. जूनच्या मध्यानंतर पाऊस लागला की तेच लाकूड हवेतला ओलावा घेऊन फुगतं. हे फुगणं लांबीत नाही, रुंदीत होतं. सहा इंच रुंद फळी उन्हाळा ते पावसाळा दोन-तीन मिलिमीटर फरक दाखवू शकते. तीन फुटांत अशा सहा फळ्या आल्या की एकूण फरक बोटाच्या जाडीइतका होतो. दार जाम होणं, फळी कमानीसारखी वर येणं, मधोमध चीर जाणं ही सगळी याचीच रूपं.

म्हणून एप्रिल-मे मध्ये बनवत असाल तर दोन फळ्यांमध्ये ३ मिमी फट सोडा. जुलै-ऑगस्टमध्ये बनवत असाल तर फळ्या एकमेकींना टेकवूनच बसवा, फट आपोआप पडेल. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ: लाकूड मधल्या स्थितीत असतं, दीड-दोन मिमी पुरे. घाई नसेल तर दिवाळीनंतरच कामाला लागा.

फटीतून आतलं दिसू नये असं वाटत असेल तर प्रत्येक फळीची कड अर्ध्या जाडीपर्यंत कापून शेजारच्या फळीच्या कापलेल्या कडेवर चढवा. आरामशीनवर हे काही मिनिटांचं काम आहे. फट राहते, पण आरपार दिसत नाही, झुरळं आत शिरायला जागा कमी मिळते. आणि प्रत्येक फळी आडव्या पट्टीला तिच्या मध्यरेषेवरच स्क्रूने धरा. दोन्ही कडांना स्क्रू मारलात की फळीला हलायला जागा उरत नाही आणि ती मधोमध फाटते.

१०. दारामागची तिरपी पट्टी कोणत्या दिशेने?

खालचं टोक बिजागरीकडे, वरचं टोक कडीकडे. तशी लावली की दाराचं वजन पट्टीतून खालच्या बिजागरीवर उतरतं. उलटी लावली तर काही महिन्यांत दार पुढून खाली झुकतं. पाच फुटी दाराला तीन बिजागऱ्या लावा.

११. जुनेपणा आणायला सुरुवात कुठून करू?

रंगापासून नाही. आधी लाकडाच्या अंगावर काम करा.

घरातलं एखादं खरोखर जुनं कपाट किंवा उंबरठा नीट पाहा. झीज सगळीकडे सारखी नसते. कडीच्या भोवती, जिथे हात लागतो तिथे लाकूड गुळगुळीत आणि गडद होतं. खालच्या चार-सहा इंचांत केरसुणी, पोछा आणि पायांचे घाव असतात. बाहेरचे कोपरे गोल झालेले असतात, आतल्या बाजू मात्र जवळपास नव्यासारख्या राहतात. ज्या फडताळावर डोक्यापासून तळापर्यंत एकसारखे ओरखडे आहेत ते लगेच बनावट वाटतं. आधी ठरवा: हे कपाट कोण वापरत होतं, कोणत्या हाताने दार उघडत होतं? मग तेवढ्याच जागी हात चालवा.

पटाशीने कडा हलक्या हाताने मोडा आणि त्यावर ८०, मग १२० नंबरचा पेपर फिरवा. चिडीच्या लाकडावर तारेचा ब्रश धाग्याच्या दिशेने जोरात ओढला की मऊ भाग निघतो आणि कडक रेषा उंच राहतात. सागावर हा परिणाम कमी दिसतो. साखळीने मारलेले घाव तळाशी चार-पाच ठिकाणी पुरेत. घुणाची खोटी भोकं पाडू नयेत असं माझं ठाम मत आहे: पाहुण्याला तुमच्या कपाटाला कीड लागल्यासारखंच वाटतं.

१२. व्हिनेगर आणि लोखंडाचं पाणी कसं करतात? माझ्या लाकडावर रंगच आला नाही.

अर्धा लिटर साधं पांढरं व्हिनेगर, त्यात मूठभर बारीक स्टील वूल. काचेच्या बरणीत एक-दोन दिवस ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आत हायड्रोजन वायू तयार होतो. जागा हवेशीर हवी, जवळ गॅस-काडी नको. भांडी घासायची चकचकीत घासणी यासाठी चालत नाही, कारण ती न गंजणाऱ्या स्टीलची असते. स्टील वूल मिळालं नाही तर गंजलेले खिळे टाका, त्याला आठवडाभर लागेल. नंतर कपड्यातून गाळा, नाहीतर लोखंडाचे कण लाकडावर बसून तांबडे ठिपके उठतात.

रंग या पाण्याचा नसतो. पाण्यातलं लोखंड लाकडातल्या टॅनिनला (चहातही असणाऱ्या तुरट घटकाला) भेटलं की लाकूड आतून करडं-काळं पडतं. बाभळीत टॅनिन भरपूर, ती जवळपास काळी होते. साग तपकिरी-करडा होतो. चिडीत टॅनिन फारच कमी, म्हणून तिच्यावर फिकट राखाडीच झाक येते. उपाय: अर्धा लिटर पाण्यात चार-पाच चमचे चहापत्ती कडक उकळा, दूध-साखर नको, गार करून आधी तो हात द्या. वाळल्यावर लोखंडाचं पाणी लावा, रंग अर्ध्या तासात चढतो. सागाच्या पांढऱ्या भागालाही आधी चहा द्या, म्हणजे गाभ्याशी जरा जुळतो.

पाण्याने धागे उभे राहतात, म्हणून आधी साध्या पाण्याचा हात देऊन, वाळवून, १८० नंबरने हलकं घासून घ्या. आणि उरलेल्या तुकड्यावर आधी नमुना करा, त्याच फळीच्या तुकड्यावर.

१३. गावाकडच्या दारांसारखा हिरवा-निळा झिजलेला रंग हवा आहे.

दोन रंग लागतात. खाली गडद तपकिरी किंवा विटकरी, वर हिरवा किंवा निळा. खालचा पूर्ण वाळला की झीज दिसायला हवी त्या जागी (प्रश्न ११) साधी मेणबत्ती घासा. मेण लागलं तिथे वरचा रंग धरत नाही. वाळल्यावर १२० नंबरने त्याच जागा घासा. दोन्ही रंग पाण्यावर आधारित आणि मॅट घ्या. चमकदार रंग कितीही घासला तरी नवाच दिसतो. शेवटी पारदर्शक मॅट थर, नाहीतर पहिल्याच दमट महिन्यात हाताला रंग लागेल.

१४. शेवटचा हात कशाचा: तेल, मेण की लाख?

बाहेरून मला जवसाचं तेल आवडतं. आपल्याकडे जवस घराघरात ठाऊक आहे, पण खायचं कच्चं तेल वाळायला कित्येक दिवस घेतं आणि तोवर धूळ ओढतं. रंगाच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ घ्या. अगदी पातळ हात, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं पुसून काढा, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे घरात ते टिकतं, पण पश्चिमेच्या उन्हात तापणाऱ्या दारावर मऊ होऊन धूळ धरतं. लाख, म्हणजे चपडा पॉलिश, लवकर वाळते आणि सुंदर उबदार रंग देते: एक लिटर स्पिरिटला दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून. फक्त पाऊस चालू असताना लावू नका, दमट हवेत तिच्यावर पांढुरकी झाक धरते.

१५. तेलाचे फडके कुठे टाकू?

कृपया हे नीट वाचा. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. चुरगाळून एका जागी टाकलेले तेलकट फडके काडी न लावता आपोआप पेट घेऊ शकतात, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात हा धोका आणखी वाढतो. काम झालं की प्रत्येक फडकं वेगळं पसरून बाहेर, सावलीत वाळवा, किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून ठेवा. कचऱ्याच्या डब्यात गोळा करून कधीही नाही.

१६. आतून काय लावू? धान्य आणि लोणची ठेवायची आहेत.

आतून तेल नको. बंद कपाटात तेलाचा वास महिनोन्महिने जात नाही आणि पापड-कुरड्यांना लागतो. चपड्याचे दोन पातळ हात द्या, आठवडाभर दारं उघडी ठेवा. लोणच्याच्या बरणीखाली बशी ठेवा, मीठ-तेलाचा ओघळ लाकडात उतरला की निघत नाही. लोखंडाच्या पाण्याचा हात आतून देण्याचं कारण नाही.

१७. उदई आणि घुण यांचं काय?

उदई जमिनीतून आणि भिंतीतून येते. फडताळ तीन-चार इंच उंच पायांवर ठेवा, भिंतीपासून एक इंच दूर, म्हणजे मातीची रेघ चढताना लगेच दिसते. अशी रेघ भिंतीवरच दिसली तर आधी भिंतीचा इलाज करा, कपाट पुसून उपयोग नाही. घुण लाकडातच असतो: बारीक भोकं आणि खाली पिठासारखा भुसा. आंब्याच्या किंवा पॅकिंगच्या फळ्यांना जोडण्याआधी बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्याचे दोन हात देऊन वाळवा, वर चपड्याचा थर द्या. कडुनिंबाचा पाला धान्यात ठेवता, ठेवा, पण उदई त्याने थांबत नाही.

१८. मे महिन्यात गच्चीवर बनवलं, फट सोडली, तरी घरात आणल्यावर आठवड्यात दार अडकलं. पाऊसही नव्हता!

खोलीत कूलर चालू असणार. खसाच्या टट्ट्यांतून येणारी हवा ओली असते. गच्चीवर कोरडं झालेलं लाकूड त्या खोलीत पावसाळ्यासारखंच फुगतं. फडताळ कूलरच्या झोतातून हलवा आणि खिडकी थोडी उघडी ठेवा, बंद खोलीत ओलावा साठतो. लगेच रंधा मारू नका. दोन-तीन आठवडे थांबा, मग ज्या कडेवर घासल्याची खूण दिसते तीच कड हलकी घ्या. घाईने जास्त काढलं तर डिसेंबरात बोट जाईल एवढी फट पडेल. रंधा मारलेल्या कडेला पुन्हा तेल लावायला विसरू नका, उघडं लाकूड ओलावा पटकन घेतं.

१९. प्लायवर हे रूप आणता येतं का?

फक्त रंगाचं (प्रश्न १३). प्लायचा वरचा पापुद्रा फार पातळ असतो, तारेचा ब्रश किंवा जोराचा पेपर तो लगेच फोडतो, आणि कडेला थर उघडे दिसतात. कडांना लाकडी पट्टी लावा.

२०. भाड्याचं घर आहे. भिंतीला न ठोकता ठेवलं तर चालेल का?

पाच फूट उंच आणि अवघं १४ इंच खोल कपाट दोन्ही दारं एकदम उघडली की पुढे झुकू शकतं, त्यात मूल लोंबकळलं तर नक्कीच पडतं. घरमालकाला विचारून वरच्या बाजूला दोन एल-पट्ट्या, रावल प्लग (भिंतीच्या छिद्रात बसवायची स्क्रूची खुंटी) आणि स्क्रूने बांधा. घर सोडताना दोन छोटी छिद्रं पुट्टीने बुजतात. परवानगी मिळालीच नाही तर उंची साडेतीन फुटांवर आणा, जड बरण्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा आणि पुढच्या पायांखाली पातळ पट्टी सरकवून कपाट किंचित भिंतीकडे कललेलं ठेवा.